फाटकाबाहेरची वर्गणी

नोकरी गेलेल्या कामगाराने आपल्या संघटनेची वर्गणी भरत राहावे काय, हा प्रश्न वरकरणी इतका किरकोळ आहे, की विचारवंतांनी त्याची फारशी दखल घेतली नाही यात नवल नाही. रक्कम थोडी असते. ती देणारा नगण्य असतो. न दिल्यास होणारा परिणाम म्हणजे एका वहीतले एक नाव खोडले जाणे, एवढाच. परंतु जिथे देणाऱ्याला बदल्यात काही मिळण्याची खात्री उरलेली नसते, तिथेच देण्याचा खरा अर्थ उघडा पडतो. पगार चालू असताना भरलेली वर्गणी सवयीने भरली जाते, कधी भिडेने, कधी लाभाच्या आशेने. पगार बंद झाल्यावर या तिन्ही गोष्टी गळून पडतात आणि मूळ प्रश्न उरतो: ही वर्गणी नेमकी कशाची होती?

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या स्मरणात एक जागा आहे आणि एक काळ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. वर्ष उलटले तरी संप मिटला नाही. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणाही कधी झाली नाही. उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा तो हळूहळू आटत गेला. काही कामगार मिळेल त्या अटींवर आत गेले. काही कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे आपल्या गावी परतले. १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले. या सगळ्या उलथापालथीत ज्यांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या त्यांची संख्या लाखाच्या वर असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गिरणीच्या भाषेत अशा माणसाला ‘हिशेब दिला’ असे म्हणत. फंड, ग्रॅच्युइटी, थकलेले दिवस, सारे मिळून एक आकडा त्याच्या हातावर ठेवला जाई आणि मालकाच्या लेखी त्याच्याशी असलेला संबंध चुकता होई.

अशा एखाद्या कामगाराची कल्पना करावी. वीस वर्षे साचे खात्यात काढलेला, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा. त्याची बायको आता चार माणसांना डबे करून घालते. थोरला मुलगा शाळा सोडून एका दुकानात लागला आहे. एका संध्याकाळी संघटनेचा जुना कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहतो. दोघे एकाच खात्यातले आणि एकाच पाळीतले, म्हणून कार्यकर्त्याला मागायला संकोच वाटतो आणि त्याला नाही म्हणायला. शेवटी घरधनी विचारतो, “काम नाही, पगार नाही, मग पावती कसली फाडता, दादा?” या प्रश्नात उपहास नाही. त्याला खरोखरच उत्तर हवे आहे.

त्याच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रथम पुरतेपणी मांडले पाहिजे, कारण ते भक्कम आहे. वर्गणी हा एका सेवेचा मोबदला आहे, असे मानले तर वाद तिथेच संपतो. संघटना पगारवाढीसाठी वाटाघाटी करते, बोनसचा तंटा लढवते, खात्यातल्या साहेबाने अन्याय केला तर दाद मागते. या प्रत्येक गोष्टीला नोकरीचा आधार लागतो. ज्याला पगारच नाही त्याच्या पगारवाढीची वाटाघाट कशी होणार? पाणी बंद झालेल्या नळाची पट्टी कोणी भरीत नाही. शिवाय घरात मुलांच्या ताटात काय पडावे याची भ्रांत असताना बाहेरच्या कोणत्याही वहीत पैसे भरणे हे औदार्य नसून घरच्यांवर अन्याय ठरू शकते. ज्याने वीस वर्षे वर्गणी भरली त्याचे देणे आधीच फिटले आहे, आता देण्याची पाळी संघटनेची आहे, असेही तो म्हणू शकतो. आणि त्याचे हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

मन्सर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयी जो युक्तिवाद मांडला, तो या संदर्भात आठवण्याजोगा आहे. संघटनेने मिळवलेली पगारवाढ वर्गणी भरणाऱ्याला मिळते तशी न भरणाऱ्यालाही मिळते. म्हणून केवळ स्वतःचा लाभ पाहणारा शहाणा माणूस वर्गणी चुकवून लाभ तेवढा घेईल, असे त्याचे प्रतिपादन होते. या फुकट्या प्रवाशावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बेकार वर्गणीदार हा त्याचा नेमका उलटा माणूस आहे. फुकट्या प्रवासी न देता घेतो. हा न घेता देतो. पहिल्याच्या वागण्याचा उलगडा स्वार्थाने होतो. दुसऱ्याच्या वागण्याचा उलगडा करायचा तर वर्गणी ही किंमत आहे हे गृहीतकच तपासून पाहावे लागते.

इतिहास पाहता वर्गणीचा जन्म किंमत म्हणून झालेला दिसत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सुमारास मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांची निवेदने सरकारकडे धाडली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्यांच्या संघटनेला मात्र सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि नियमावलीही नव्हती, असे त्या काळच्या सरकारी कागदांतून नोंदले गेले आहे. एका कळवळ्याच्या माणसाभोवती जमलेला तो समुदाय होता. त्याने मोठे काम केले, पण १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे ते काम त्याच बळाने चालवील असे काही उरले नाही. पुढे १९२८ मध्ये सहा महिन्यांच्या दीर्घ संपाच्या काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेरीस तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पलीकडे गेली. या दोन टप्प्यांमध्ये जे घडले त्याचे नाव वर्गणी. वर्गणीमुळे यादी आली. यादीमुळे मोजदाद आली. मोजदादीमुळे ‘आम्ही’ या सर्वनामाला आकडा मिळाला, आणि ज्याला आकडा आहे त्याच्याशी बोलणे सरकारला व मालकाला भाग पडते. म्हणजे आपण गणले जावे यासाठी कामगार पैसे देत होता. मिळणारी सेवा हा गणले जाण्याचा एक परिणाम होता. १९२९ चा संप फसल्यावर तीच सभासदसंख्या झपाट्याने ओसरली, हेही इथे लक्षात घेतले पाहिजे. संपातली गर्दी ही संघटना नव्हे. संप मोडल्यावर जे शिल्लक राहते तीच संघटना, आणि ते शिल्लक ठेवण्याचा भार नेमका त्याच वेळी पडतो, जेव्हा सभासदाच्या खिशात काही नसते.

मग प्रश्न असा होतो, की नोकरी गेलेला माणूस गणला जावा की नाही? या ठिकाणी कायद्याची साक्ष काढली तर ती दुहेरी निघते. १९२६ च्या श्रमिक संघ कायद्याने (ज्याची जागा पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली) सामान्य सभासद हा त्या उद्योगात प्रत्यक्ष काम करणारा असावा, अशी अपेक्षा ठेवली होती. त्याच कायद्याने संघटनेचा सर्वसाधारण निधी कोणत्या कामांसाठी वापरता येईल याची जी यादी दिली होती, तीत आजारपण, अपघात, वार्धक्य आणि मृत्यू यांच्याबरोबरच सभासदाच्या बेकारीत द्यावयाच्या भत्त्याचाही समावेश होता. कामगार कोणाला म्हणावे हे सांगताना, ज्या मालकाशी तंटा आहे त्याच्याच नोकरीत तो असला पाहिजे असे नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तंट्यापायी बडतर्फ झालेल्या वा कमी केलेल्या माणसाला त्या तंट्यापुरते कामगारच मानले. श्रमिक संघ कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीने निवृत्त झालेल्या किंवा कामावरून कमी केलेल्या कामगाराला पदाधिकारी निवडताना बाहेरचा मानू नये, असा खुलासा केला. एका हाताने कायदा सांगतो, की काम आहे तो कामगार. दुसऱ्या हाताने तो मान्य करतो, की काम काढून घेतल्याने माणूस तत्काळ परका होत नाही. कायद्याच्या या दुटप्पीपणात एक खरी अडचण दडलेली आहे. ती म्हणजे ‘कामगार’ हे नोकरीचे नाव आहे की माणसाचे, याचा निवाडा झालेला नाही.

गिरणगावाच्या अनुभवात तर नोकरी असणे आणि नसणे यांमधली रेषा कधीच ठळक नव्हती. गिरणीच्या फाटकाबाहेर रोज सकाळी बदली कामगार उभा असे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी बदली आत जाई. नाही तर घरी परते. महिन्यातले काही दिवस तो कामगार होता आणि काही दिवस बेकार. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कार्डांची पद्धत सुरू करून या अनिश्चिततेलाच एक व्यवस्था दिली. अशा माणसाचे सभासदत्व हजेरीप्रमाणे रोज चालू आणि रोज बंद करायचे काय? आणि तो बाहेर उभा आहे याच एका गोष्टीच्या जोरावर आतल्या कामगाराला दटावता येत होते, की तुझ्या जागी यायला दहा जण तयार आहेत. म्हणजे फाटकाबाहेरच्या माणसाला संघटनेने आपले मानणे ही बाहेरच्यावर केलेली दया नव्हती. आतल्याचे संरक्षण त्यावरच अवलंबून होते. बदली कामगारांना कायम करावे ही मागणी १९८२ च्या संपातही होती, ती याच जाणिवेतून.

फाटकापाशी आणखी एक देवघेव चाले. तिची वर्गणीशी तुलना केली म्हणजे विषय अधिक उजळतो. नोकरभरती जॉबरच्या हाती होती आणि काम मिळावे, गेलेले काम परत मिळावे, म्हणून कामगार जॉबरला दस्तुरी देत. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगासमोर या प्रथेविषयी भरपूर साक्षी झाल्या होत्या. दस्तुरीही बेकारच देत असे. किंबहुना बेकारालाच ती अधिक द्यावी लागे. तेव्हा ‘बेकाराने पैसे कुठून द्यावेत’ हा प्रश्न व्यवहारात निराळ्या रूपात उभा होता: तो पैसे देतच होता, मग ते कोणाला आणि कसे? दस्तुरी वर जाई, एकट्याने दिली जाई, आडोशाला दिली जाई आणि तिची पावती नसे. तिच्यातून मिळे ते दुसऱ्या कोणा बेकाराच्या तोंडचे काम. वर्गणी बरोबरीच्या माणसाच्या हातात दिली जाई, उघडपणे दिली जाई आणि तिची पावती असे. दस्तुरी देणारा कबूल करीत असे, की काम ही मालकाच्या माणसाची मेहेरबानी आहे. वर्गणी देणारा निदान असा दावा करीत असे, की काम हा सर्वांनी मिळून मागायचा हक्क आहे. दोन्ही रकमा लहानच होत्या. त्या देणाऱ्याला मात्र दोन निरनिराळी माणसे बनवीत होत्या.

एवढ्याने वर्गणीची बाजू सिद्ध झाली असे मानले तर १९८२ च्या संपातला सर्वांत कडू धडा निसटून जाईल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एखाद्या भागातल्या संपूर्ण उद्योगात एकच प्रातिनिधिक संघ असू शकत होता आणि ते स्थान ठरत होते वर्गणीदार सभासदांच्या संख्येवरून. उद्योगातल्या पंचवीस टक्के कामगारांचे सभासदत्व त्यासाठी पुरेसे होते. मुंबईच्या गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. संपातले बहुसंख्य कामगार मात्र दत्ता सामंतांच्या मागे गेले होते, आणि हा कायदा जावा हीच त्यांची एक प्रमुख मागणी होती. वहीतले नाव एकीकडे आणि मनातली निष्ठा दुसरीकडे, अशी ही फाटाफूट होती. पावत्या मोजल्या जात होत्या, माणसे मोजली जात नव्हती. ज्या वर्गणीचा जन्म माणसाला गणले जावे म्हणून झाला, तीच त्याला न गणण्याचे साधन होऊ शकते, हे त्या दीड-दोन वर्षांत दिसले. म्हणून वर्गणी भरणे हे स्वतःच पुण्य नव्हे. ती कोणत्या वहीत भरली जाते, आणि त्या वहीतल्या नावाला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, यावर तिची किंमत ठरते.

संपानंतरच्या काळाची कहाणी मात्र या प्रश्नाला अनपेक्षित वळण देते. नोकरी गेल्यावर संघटनेचे प्रयोजन संपते, हे गृहीतक गिरणगावात खोटे ठरले. बंद गिरण्यांतल्या कामगारांनी १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. ज्यांच्याकडे संप करण्यासाठी कामही उरले नव्हते अशांची ही संघटना होती. काम थांबवण्याचे शस्त्र गेल्यावर त्यांच्याकडे उपोषण, मोर्चा, निवेदन आणि न्यायालय एवढेच उरले. त्याच सुमारास गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव येऊ लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकासाठी, अशी विभागणी केली. २००१ च्या बदलाने ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या केवळ मोकळ्या जमिनीपुरती आखडली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. तरीही गिरणी कामगारांना घरे मिळावीत ही मागणी टिकून राहिली. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी सात हजारांच्या आसपास घरांची पहिली सोडत काढली. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाच्या घरात होते.

हा हिशेब यशाचा म्हणावा की अपयशाचा, यावर मतभेद होतील. दीड लाखांतल्या प्रत्येकाला न मिळालेल्या घराचे समर्थन कोणत्याही तत्त्वज्ञानाने करता येणार नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जे काही मिळाले ते ‘गिरणी कामगार’ या नावाने मिळाले, आणि ते मिळाले तेव्हा त्या नावाची माणसे गिरणीत नव्हती. कित्येक गिरण्याही जागेवर नव्हत्या. मालकाने हिशेब देऊन जे नाते चुकते केले होते, ते चुकते झालेले नाही असे सांगत काही माणसे वीस-तीस वर्षे एकत्र राहिली, म्हणूनच तो हक्क मागता आला. वीस वर्षांच्या श्रमाचे मोल फंड आणि ग्रॅच्युइटी यांत पूर्ण होते की नाही, त्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शहरात श्रमिकाचा काही वाटा उरतो की नाही, हा वाद नोकरी असताना उपस्थितच होत नाही. तो नोकरी गेल्यावर सुरू होतो. या अर्थाने कामगाराला संघटनेची सर्वांत मोठी गरज, ती निरर्थक वाटू लागते त्या दिवसानंतर भासते.

नोकरीवाचून संघटना असू शकते, हे मुंबईबाहेरही दिसून आले आहे. १९७२ मध्ये अहमदाबादला इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली फेरीवाल्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या आणि घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना नोंदणीसाठी गेली, तेव्हा अडचण अशी निघाली, की या स्त्रियांना मालकच नाही. मग संघटना लढणार कोणाशी? संघटना कोणाच्या विरुद्ध असण्यापेक्षा काम करणाऱ्यांच्या ऐक्यासाठी असते, हे उत्तर अखेर मान्य झाले आणि नोंदणी झाली. त्याच शहरात १९१८ च्या गिरणी संपाच्या वेळी गांधीजींनी संपकऱ्यांना लोकांच्या देणग्यांवर जगू देण्याचे नाकारले होते आणि त्यांना आश्रमाच्या बांधकामावर वाळू वाहण्याचे काम दिले होते. त्यात कठोरपणा होता, पण त्यामागचा विचार या विषयाला लागू आहे. संकटातल्या माणसाला मदत हवी असते आणि त्याच वेळी आपण याचक झालो नाही ही खात्रीही हवी असते. यूरोपात बेल्जियममधल्या गेंट शहराने १९०१ मध्ये याच पेचावर निराळा तोडगा काढला. कामगार संघटना आपल्या बेकार सभासदांना जो भत्ता देत, त्यात नगरपालिका स्वतःची भर घालू लागली. पुढे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड या देशांत ही रीत निरनिराळ्या रूपांत रुजली. तिथे बेकारी विमा संघटनांच्या आश्रयाने चालत असल्यामुळे बेकार माणूस संघटनेपासून तुटत नसे, उलट तिच्याकडे येई. २००७ मध्ये स्वीडनने या विम्याची वर्गणी मोठ्या प्रमाणात वाढवली, तेव्हा अल्पावधीत सभासद घटले. वर्गणीचा आकडा बेकाराच्या आवाक्यात ठेवणे हा हिशेबनिसाचा प्रश्न नसून संघटनेच्या जगण्याचा प्रश्न आहे, हे त्यावरून कळते.

भारतात संघटित बेकारी भत्त्याची अशी परंपरा रुजली नाही. १९२६ च्या कायद्याने निधीतून बेकारी भत्ता देण्याची मुभा दिली, पण वर्गणीच इतकी अल्प होती, की असा भत्ता देण्याजोगा निधी साठणे दुरापास्त होते. १९६० च्या दुरुस्तीने ठरवलेली किमान वर्गणी दरमहा पंचवीस पैसे होती. २००१ मध्ये ती वर्षाला बारा रुपये झाली. एवढ्याशा रकमेत बेकारीचा विमा उतरत नाही. तेव्हा चाळीतल्या त्या कामगाराला ‘वर्गणी भर, उद्या भत्ता मिळेल’ असे सांगणे ही फसवणूक ठरेल. वर्गणी किंमत नाही, तशी ती इथे विमाही नाही. ती ज्यावर हक्क सांगता येईल असे एक नाते आहे, आणि नात्याचे म्हणून जे नियम असतात ते तिला लागू होतात.

त्या नियमांतला पहिला असा, की ती मागता येत नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची खात्री नाही त्याच्याकडे वर्गणीची थकबाकी मोजणारी संघटना मालकाचीच भाषा बोलत असते. दुसरा असा, की कोणी दिली तर ती नाकारताही येत नाही, आणि देता आली नाही म्हणून त्याचे नाव खोडता येत नाही. बेकार सभासदाची वर्गणी नाममात्र असावी किंवा माफ असावी. पण त्याचा सभेत बसण्याचा आणि बोलण्याचा अधिकार नाममात्र असू नये. तिसरा नियम सर्वांत अवघड आहे. आतल्यांचे आणि बाहेरच्यांचे हित नेहमीच एक नसते. आतल्याला जादा पाळीचे पैसे हवे असतात; बाहेरच्याला ती पाळी आपल्याला मिळावी असे वाटते. ज्या संघटनेत फक्त आतल्यांचा आवाज आहे ती या पेचात कोणती बाजू घेईल हे आधीच ठरलेले असते. बाहेरचा माणूस सभासद राहिला तर पेच सुटेलच असे नाही, पण तो निदान त्याच्या समक्ष मांडावा लागेल. ज्याच्या नुकसानीचा ठराव करायचा त्याला सभेत बसवून तो करणे आणि त्याच्या अनुपस्थितीत करणे, यांत मोठे नैतिक अंतर आहे.

आता दारात उभ्या असलेल्या त्या कार्यकर्त्याकडे परत येता येईल. त्याने पावतीपुस्तक उघडून किती महिने थकले हे पाहिले असेल, तर त्याला रिकाम्या हाताने पाठवणेच योग्य होय. वीस वर्षांच्या पावत्यांनंतर आणखी एका पावतीची अपेक्षा करण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु त्याने पुस्तक मिटून विचारले असेल, की येत्या रविवारी सभा आहे, बंद खात्यांतल्या माणसांचा विषय निघायचा आहे, तू येणार ना. तर चित्र पालटते. घरधन्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या निमंत्रणात आहे. काम नाही, पगार नाही, तरीही पावती एवढ्यासाठी, की मस्टरवरून नाव काढण्याचा अधिकार मालकाचा असला तरी वीस वर्षे ज्यांच्याबरोबर काम केले त्यांच्यातून नाव काढण्याचा अधिकार त्याचा नाही. हा निर्णय मालकाच्या हाती राहू द्यायचा की नाही, हे संघटनेने प्रथम ठरवायचे असते आणि कामगाराने नंतर.

म्हणून ‘वर्गणी भरावी काय’ हा प्रश्न जरी बेकार कामगाराला विचारला जात असला, तरी त्याचे पहिले उत्तर संघटनेने द्यायचे आहे. तिने त्याला आपल्यात धरले असेल तर त्याने दिलेला एक रुपयाही वाया जात नाही. तिने त्याला सोडले असेल तर पूर्वी भरलेली वर्गणीही मागे पाहता निव्वळ किंमत होऊन जाते. चाळीतल्या त्या बाईने डब्यांच्या पैशांतून एखादे नाणे काढून नवऱ्याच्या हातावर ठेवले, तर त्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगावा लागणार नाही. गावच्या मंडळाच्या खोलीची वर्गणी ती माणसे गावी असतानाही भरत आली आहेत, कारण परत आल्यावर पथारी टाकायला जागा राहते. मात्र रविवारच्या सभेत तिच्या नवऱ्याला बसायला जागा मिळाली की नाही, हे ती संध्याकाळी तो घरी आला की विचारील. तिच्या या चौकशीला होकारार्थी उत्तर देता यावे, एवढीच त्या पावतीची अट आहे.